कोरडं असताना बांधायचं

काका हजामतीलासुद्धा जाकीट घालून बसत. नारिंगी रंगाचं, छातीवर तीन बकलं असलेलं, पाण्यात माणसाला बुडू न देणारं जाकीट. न्हावी म्हणायचा, काका, हे काढा की, कापड नीट गुंडाळता येत नाही. काका म्हणायचे, मान मोकळी आहे ना, मग कर तुझं काम. मग न्हावी जाकिटावरूनच कापड टाकायचा आणि काका झाकून ठेवलेल्या माठासारखे खुर्चीत बसायचे.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. न्हाव्याच्या बायकोने विहिरीवर सांगितलं. पण खोटं नसणार, कारण जाकीट घालून बांगडे निवडताना मी त्यांना पाहिलं आहे. एकदा तर लग्नाच्या पंगतीतही पाहिलं. जेवण नीट जावं म्हणून खालचं एक बक्कल तेवढं सोडलं होतं. हात धुतल्यावर ते परत लावलं. कोणी विचारलं तर एकच उत्तर असायचं, "आता परत उतरायचंच आहे." म्हणजे पाण्यात.

गावात त्यांना जाकीटकाका म्हणत. तोंडावर नाही, मागून. त्यांना ते ठाऊक होतं. मी नुसतं काका म्हणायची. तीस वर्षं ते मोठ्या बोटींवर खलाशी होते. मग बायको गेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला राहिली आणि काका गावच्या घरी येऊन एकटे राहू लागले. येताना टेम्पोत घालून आठ कयाक आणल्या. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबट, हलकी होडी. एकीत दोन माणसं पाय पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतात. आमच्या गावातल्या लोकांनी त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा सगळे हसले. दुधी भोपळा उभा चिरून ठेवला आहे, असं कोणीतरी म्हणालं. पण गणपतीपुळे, मालगुंड करून येणारे पाहुणे आमच्या खाडीतही फिरायला येऊ लागले, कांदळवनातून आत जायला त्यांना फार आवडे, आणि हसणाऱ्यांनी आपल्या घरांवर 'जेवणाची सोय' अशा पाट्या लावल्या.

मला त्यांनी कामाला घेतलं त्याचं कारण सांगायला मला अजून लाज वाटते. काकांचा नियम असा होता की प्रत्येकाने जाकीट घातलं की ते स्वतः त्याच्या खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरून जोरात वर ओढत. जाकीट वर सरकून कानाला लागलं तर ते ढिलं. मग पुन्हा सगळी बकलं, पुन्हा सगळे पट्टे. पुरुषांचं ठीक होतं. बायकांचे पट्टे ओढायला काकांना जमेना. एका बाईच्या नवऱ्याने त्यावरून बरंच ऐकवलं. काकांनी त्यांना उतरूच दिलं नाही. तपासल्याशिवाय नाही, आणि मी तपासणार नाही, म्हणून जा, असं म्हणाले. तशी चार-पाच माणसं परत गेल्यावर एका सकाळी ते आमच्या अंगणात आले. मी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, धूत होते.

"बाय, तुला माणसं उचलता येतील?"

मला काही कळलं नाही. मी खाली बघून तिसऱ्या धूत राहिले. त्यांनी खुंटीला अडकवलेली वेताची पाटी हातात घेतली, तिचे दोन्ही कान धरून वर ओढून दाखवली आणि म्हणाले, "हे असं. बोलायची गरज नाही. बोलायचं मी बघतो."

बोलायचं नाही म्हणाले म्हणून मी गेले. माझी शाळा चौथीपर्यंतची. परक्या माणसासमोर माझा शब्द फुटत नाही, आणि त्या वेळी तर घरच्यांसमोरही फुटत नसे. मालक मुंबईला कंपनीत, मुलगी सासरी, सासूबाई नुकत्याच गेलेल्या. दिवस दिवस मी कोणाशी बोलत नसे. पुण्या-मुंबईच्या, शर्टपँट घातलेल्या, सुगंध येणाऱ्या बायकांच्या खांद्यांना धरून त्यांना हिसका द्यायचा, हे काम मला नेमून मिळालं. पहिले आठ दिवस मी डोळे मिटून ओढायची. शिवाय जाकिटं गोड्या पाण्यातून काढायची, सावलीत वाळवायची, शिलाई उसवली असेल तर टाके घालायचे. काकांच्या घरामागे फणसाखाली चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आहे. त्यावर ओळीने नारिंगी जाकिटं वाळत पडली की लांबून भोपळ्याच्या फुलांसारखी दिसत.

काका प्रत्येकाला उतरण्याआधी एकच प्रश्न विचारत. जाकीट कधी घालायचं? लोक आपापल्या परीने उत्तर देत. पाणी खोल असेल तेव्हा. वारा सुटला तर. पोहता येत नसेल तर. लहान मुलांनी नेहमी, मोठ्यांनी गरज पडली तर. एका हुशार मुलीने सांगितलं, थंडीच्या दिवसांत पाणी गार असतं तेव्हा. काका प्रत्येक उत्तराला मान हलवत आणि पुढच्या माणसाकडे बघत. शेवटी स्वतःच सांगत.

"कोरडं असताना घालायचं. ओलं झाल्यावर नाही घालता येत."

ते खरं आहे हे त्यांनी एकदा दाखवलं. घाटावरचा एक दांडगा गडी आला होता. विहिरीत उड्या मारून वाढलेलो आहे म्हणाला, जाकीट होडीत पायाशी ठेवतो, वेळ आली तर घालीन. काका भांडले नाहीत. त्याला जेटीपाशीच छातीभर पाण्यात नेलं, जाकीट त्याच्या हातात दिलं, पाय टेकू नकोस म्हणाले, आणि घाल म्हणाले. तो एक हात घाली तोवर जाकीट दुसरीकडून उसळून वर येई. दुसरा हात घालायला गेला की तोंडात पाणी. एकदा ते उलटं गळ्यात अडकलं. जेटीवरची माणसं हसत होती. काका हसत नव्हते. मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. बऱ्याच वेळाने त्या गड्याने पाय टेकले आणि खोकत म्हणाला, मानलं काका. काका म्हणाले, इथे पाय टेकायला जमीन होती, म्हणून मानलंस. मग त्याला कोरडा टॉवेल दिला, चहा पाजला आणि त्याच्या खांद्यांचे पट्टे इतके जोरात ओढले की तो चवड्यांवर उभा राहिला.

गावाला वाटे, काकांच्या मनात काहीतरी दुःख आहे. कोणी म्हणे, बोटीवर त्यांच्या डोळ्यांदेखत जिवलग मित्र गेला. कोणी म्हणे, मित्र नाही, सख्खा भाऊ. न्हाव्याची बायको तर त्यांना एक मुलगा होता असंही सांगायची. मला विचारायचं धाडस नव्हतं, पण एकदा पाहुण्यांतल्या एका बाईंनीच सरळ विचारलं. काका, तुमचं कोणी बुडालं होतं का? मी जाकिटाच्या शिलाईत सुई तशीच धरून ऐकत राहिले.

काका जरा वैतागले. "का? बुडायलाच पाहिजे का कोणी?"

मग त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते बाईंच्या शेजारी जेटीच्या कट्ट्यावर बसले. "तीस वर्षांत आमच्या बोटीवरचा एक माणूस गेला नाही. दोनदा पाण्यात पडले, दोनदा वर काढले. दोघांनी जाकीट घातलं होतं. त्यातला एक वर आल्यावर पहिलं काय म्हणाला ठाऊक आहे? माझी बिडी भिजली. संपलं. माझ्याकडे सांगायला गोष्ट नाही, ताई. जाकीट घातलं की गोष्ट होत नाही."

त्या बाईंची निराशा झाली. खरं सांगायचं तर माझीही झाली.

माझ्यावर ते एकदाच रागावले. एक वल्हं हातातून सुटून ओहोटीबरोबर चाललं होतं. मी साडी खोचली, जवळच्या कयाकमध्ये बसले आणि हाताने पाणी मारत जाऊन ते आणलं. पाणी कंबरेएवढंही नव्हतं. मी या खाडीच्या काठावर जन्मले, इथेच दिलेली. रोज सुकतीला, पाणी उतरलं की, गुडघाभर चिखलात उभी राहून तिसऱ्या काढते. वल्हं आणून दिलं तर काकांनी ते घेतलंच नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लोकांचे पट्टे ओढतेस, आणि तूच?" मी म्हटलं, आपलीच खाडी, काका. ते म्हणाले, "तिला माहीत आहे का तू तिची?"

घरी गेल्यावर मी त्यावर बराच विचार केला. आम्हा काठावरच्या माणसांची हीच चूक. परक्या पाण्याला आम्ही भितो, आणि आपल्या खाडीला पाणी समजतच नाही. अंगण समजतो.

आता अण्णांची गोष्ट सांगते.

आमच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. त्यावर देवीचं मूळ स्थान. देऊळ गावात आहे, पण देवी आधी त्या खडकावर होती असं मानतात. खडक आणि वाळूची पट्टी यांच्या मधून होड्या जायची एकच वाट आहे, अरुंद. कांदळवनातून फिरून येणाऱ्या कयाकना त्याच वाटेने परत यावं लागतं. आणि ओहोटीला सगळी खाडी तिथूनच बाहेर पडते, त्यामुळे पाण्याला ओढ सगळ्यात जास्त तिथेच. तिथून जाताना रीत अशी की बांधलेल्या अंगाने देवीसमोर जायचं नाही. चपला काढायच्या, टोपी काढायची, कमरेला शेला असेल तर तो सोडायचा आणि हात जोडायचे. मासेमारी करणारे लोक अजून करतात. होडी चालू असतानाच कमरेचा टॉवेल सोडून मांडीवर ठेवतात.

अण्णा हे देवस्थानचे मानकरी. मोठं घर, मोठा आवाज, मनाने वाईट नव्हेत. मे महिन्यात त्यांचे मुंबईचे पाहुणे आले आणि अण्णा त्यांना घेऊन कयाकमध्ये बसायला आले. काकांचा प्रश्न झाला, पट्टे ओढून झाले, काका स्वतः पुढच्या कयाकमध्ये बसून त्यांना घेऊन गेले. परत येताना खडकापाशी अण्णांनी पाहुण्यांना रीत सांगितली. देवी आली, बांधलेलं सोडा. पाहुण्यांनी बकलं सोडायला सुरुवात केली. ओहोटी जोरात होती.

काकांनी जाकिटाला बांधलेली शिटी तोंडात घातली आणि वाजवली. वाजवतच राहिले. देवीच्या अगदी समोर. मग ओरडले, हात जोडा, बक्कल सोडू नका. पाहुण्यांनी घाबरून बकलं लावली. काही झालं नाही. सगळे सुखरूप जेटीवर आले. पण अण्णा उतरले ते लाल होऊन. पाहुण्यांसमोर त्यांचा शब्द खाली पडला होता, आणि देवीसमोर शिटी वाजली होती.

त्या महिन्यात मासळीही कमी मिळाली. दोन इंजिनं बंद पडली. एरवी इंजिन बंद पडलं तर लोक मिस्त्रीला शिव्या देतात. या वेळी काकांच्या जाकिटांकडे बोट दाखवू लागले. देवळात बैठक झाली. अण्णा म्हणाले, खडकापाशी जाकीट सोडायचं, नाहीतर तिथून होड्या न्यायच्या नाहीत. काका म्हणाले, ज्या जागी सगळ्यात जास्त लागतं त्या जागी सोडा म्हणता. लोक म्हणाले, मग देवीलाच विचारा. कौल लावा.

काकांचा देवाधर्माशी फारसा संबंध नव्हता. ते नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते लगेच हो म्हणाले. गावाची खाडी आहे, म्हणाले, गावाच्या रीतीने विचारा. उलट उत्तर आलं तर होड्या विकतो आणि मुलीकडे जातो.

दुसऱ्या दिवशी मी जाकिटं वाळत घालत होते तेव्हा ते पडवीत बसून होते. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, म्हणाले. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. नंतर म्हणाले, "तिथे जाकीट कुठे ठेवायचं?" मी हातातलं जाकीट गडग्यावर पसरलं. त्या दिवशी मला कळलं की ते गेले तर माझंही पुन्हा तेच होणार. अंगण, तिसऱ्या आणि कोणाशी न बोललेले दिवस.

कौलाच्या सकाळी देऊळ भरलं होतं. बायका मागे, खांबांपाशी. काका आले आणि पायरीवर त्यांनी स्वतःहून जाकीट काढून ठेवलं. इथे जमीन आहे, म्हणाले. जाकिटाशिवाय ते फार लहान दिसत होते. खांदे उतरलेले, सदरा सैल. इतके बारीक असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कौल लावताना गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांचे कळे लावतो. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवा कळा पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. प्रश्न कसा विचारायचा ते मानकरी सांगतो. आणि अण्णांनी गुरवाला प्रश्न सांगितला तो असा, की आई, तुझ्यासमोर बांधलेल्या अंगाने जायचं नाही ही वाडवडिलांची रीत, ती मोडलेली तुला चालेल काय?

असं विचारल्यावर कोण देवी हो म्हणेल?

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती तिथे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक दिसत नव्हती. शिमग्यात आमच्या देवीची पालखी होडीतून खाडी ओलांडते, पलीकडच्या गावातल्या बहिणीला भेटायला. त्या वेळी पालखीच्या दांड्याला चार असोले नारळ बांधतात, सोडण म्हणजे वरचं काथ्याचं साल न काढलेले. ते नारळ द्यायचा आणि बांधायचा मान आमच्या घराचा. सासूबाई होत्या तोवर त्या बघायच्या. आता मी बघते.

मी शेजारी उभ्या असलेल्या गुरवाच्या बायकोच्या कानात सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या कानात काय सांगतंस? मोठ्यानं बोल गो." आणि मला दंडाला धरून पुढे ढकललं.

सगळे वळून बघायला लागले. मी देवीकडेही बघू शकले नाही, अण्णांकडेही नाही. पायरीवरच्या नारिंगी जाकिटाकडे बघून बोलले.

"अण्णा, पालखीला आमी नारळ बांधतो ते कशाला?"

"कशाला म्हणजे?" अण्णा म्हणाले. "तुमच्या घराचा मान हाय तो. नवसाचे नारळ."

"नवसाला पाण्याचा नारळ लागतो. हे आमी वर्षभर माळ्यावर सुकवतो. कानाशी धरून हलवतो. आत पाणी वाजलं तर घेत नाय. आटलेला नारळ कोण देवाला देतो?"

आता थांबले असते तर माझा आवाज परत आलाच नसता. "सासूबाई सांगायच्या, होडी उलटली तर पालखी वर राहावी म्हणून ते. तरंगायला. पोरांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात ना, तसेच. देवीच पाण्यावर जाताना बांधून जाते. आणि ते बांधतो सहाणेवर, देवळापुढच्या ओट्यावर. पाण्याजवळ जायच्या आधी."

"कोरडं असताना," मागून काका म्हणाले. अगदी हळू. त्यांना राहवलं नसावं.

गुरव म्हातारा आहे. तो कळे हातात धरून तसाच उभा होता. म्हणाला, "बरोबर बोलतंय ती. माझा बापूस पण हलवून बघायचा. मला वाटायचं, खोबरं चांगलं हाय का बघतो."

लोकांत हसू पिकलं, पण दबलेलं. अण्णा बराच वेळ पालखीच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होते. इतकी वर्षं त्या पालखीपुढे चालले होते ते, आणि नारळांना हात लावून नमस्कारही करत होते. शेवटी गुरवाला म्हणाले, तू विचार, तुझ्या पद्धतीने. गुरवाने नवीन गाऱ्हाणं घातलं. आई, तू जशी बांधून पाण्यावर जातेस तशी लेकरं गेली तर तुला राग नाही ना. नसेल तर उजवा दे.

कळा लगेच पडला नाही. देवळात एवढी शांतता होती की बाहेर कोणाची तरी कोंबडी चालताना पानं वाजत होती ती ऐकू आली. मला तो वेळ किती लांब वाटला ते सांगता येणार नाही. मग उजवा पडला.

बाहेर आल्यावर काकांनी पायरीवरचं जाकीट घातलं, तिन्ही बकलं लावली. ते माझे आभार मानतील असं मला वाटलं होतं. मी पदर नीट करून उभी राहिले.

"किती महिने सुकवता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, एका शिमग्यापासून दुसऱ्या शिमग्यापर्यंत.

"चार कमी आहेत. पालखी जड आहे. सहा लावा."

आणि जेटीकडे चालायला लागले. उतरायचं होतं ना परत.

त्यानंतर काका फार वर्षं राहिले नाहीत. गेल्या वर्षी छातीत पाणी झालं म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. मी पेज घेऊन गेले तर वॉर्डातला माणूस त्यांना चाकाच्या खुर्चीतून छातीचा फोटो काढायला नेत होता, आणि काका त्याला सांगत होते, पोटावरचा पट्टा ढिला आहे. त्याने हसून सोडून दिलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेजेचा डबा खाली ठेवला आणि पट्टा ओढून दिला. आमची ती शेवटची भेट. त्यांच्या मुलीने नंतर होड्या आमच्या बायकांच्या बचत गटाला दिल्या. म्हणाली, बाबा तुमच्याबद्दल फोनवर सांगायचे. काय सांगायचे ते मी विचारलं नाही.

पण मला काका आठवतात ते दवाखान्यातले नाहीत. कौल लागल्यानंतरच्या शिमग्यातले आठवतात.

पालखी सहाणेवर बसली होती. देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावलेली, ढोल वाजत होते, चाकरमानी आले होते, माझे मालकही आले होते. मी सहा नारळ बांधले. पालखी होडीकडे निघणार इतक्यात काका गर्दीतून पुढे आले. जाकीट घातलेलं. अण्णांना म्हणाले, एकदा बघू का? अण्णांनी ढोल थांबवले.

काकांनी चपला काढल्या, देवीला हात जोडले, आणि मग एकेक नारळ धरून वर ओढला. माणसांचे पट्टे ओढायचे तसाच. पहिले पाच हलले नाहीत. सहावा हलला.

"हा ढिला आहे," काका म्हणाले.

सगळं गाव बघत होतं. गाठ माझी होती. मी पुढे जाऊन ती सोडली आणि पुन्हा बांधली. काकांनी परत ओढून बघितला आणि मान हलवली.

होडीपाशी त्यांनी जाकिटं आणून ठेवलेली होती. पालखीच्या भोयांसाठी आठ, अण्णांसाठी एक. भोई एकमेकांकडे बघून हसायला लागले. या खाडीत जन्मलेले, पोहण्यात पटाईत सगळे. काकांनी प्रश्नही विचारला नाही. नुसते उभे राहिले. शेवटी अण्णाच म्हणाले, "देवीनं घातलंय, मग आपण कोण टिकोजीराव? आण इकडे."

अण्णांचं पोट मोठं. बक्कल पोचेना. मला पट्टा पूर्ण सैल करावा लागला. मानकऱ्याचा फेटा बांधलेले अण्णा हात वर करून लहान मुलासारखे उभे होते. बकलं लागली. आता काका पुढे होतील म्हणून मी बाजूला झाले.

"बाय," काका म्हणाले, "उचल."

मी मालकांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघायला लागले. मग मी अण्णांच्या खांद्यांचे दोन्ही पट्टे धरले आणि सगळ्या गावासमोर वर ओढले. डोळे मिटले नाहीत. अण्णा चवड्यांवर आले, पण जाकीट कानाला लागलं नाही. मागून कोणीतरी शिटी मारली, बायका हसल्या, आणि अण्णाही हसले.

भोयांनी एकामागून एक जाकिटं घातली. होडी सुटली. मधे, खडकासमोर, ओढ लागली तशी ती थोडी कलली आणि सरळ झाली. काका पाण्याच्या कडेला उभे राहून बघत होते. ओठांत शिटी धरून. पालखी पलीकडे लागली, तिकडचे ढोल वाजायला लागले, तेव्हा त्यांनी शिटी तोंडातून काढली.

म्हणजे काही झालं नाही.

परवा पुण्याच्या एका बाईंनी जेटीवर मला विचारलं, एवढे कडक नियम का हो, इथे कोणी बुडालं होतं का? मी म्हटलं, नाही. कोणीच नाही. त्या थोडा वेळ थांबल्या. मी आणखी काही सांगेन असं त्यांना वाटत होतं.

मी त्यांच्या खांद्यांचे पट्टे धरले.